डाव्या पिळाचा दोर

पायपुसण्याकडे कोणी वाकून बघत नाही. त्यावर पाय घासायचे, चिखल तिथेच सोडायचा आणि आत जायचं. मावशीचं मात्र तसं नव्हतं. दवाखाना असो, बँक असो की कोणाचं घर, ती दारातच खाली बसायची आणि पायपुसण्याची कड बोटांनी उलटून बघायची. मागे माणसांचा खोळंबा व्हायचा. "अहो, काही हरवलंय का?" असं कोणी विचारलं तर म्हणायची, "नाही हो, कड बघते. माझीच आहे का ते." आणि पुष्कळदा ती तिचीच असायची.

कारण गेली चौदा वर्षं ती हेच काम करत होती. काथ्याच्या पायपुसण्यांचा तो कारखाना म्हणजे पत्र्याखालचा एक लांबट हॉल, त्यात सहा माग, मागे गोदाम आणि पुढे मालकीणबाईंची काचेची खोली. मागावरून उतरलेलं पायपुसणं मावशीकडे यायचं आणि ती त्याला हाताने वळलेल्या दोराची कड लावायची. शेवटचं टोक तीन वेढे देऊन आत असं खुपसायची की पायपुसणं झिजून जाईल, पण कड सुटणार नाही. ही तऱ्हा तिच्या वडिलांची. ते दोर वळायचे, आणि दोराच्या बाबतीत माणूस मोठा तिखट होता.

पण "माझीच आहे का" हे मावशीचं उत्तर निम्मंच खरं होतं. स्वतःची कड बघायला कोण कशाला रस्ता अडवून बसेल? ती तऱ्हा येणारी माणसं जगात तीनच झाली. एक बाबा, दुसरी ही, तिसरी हिची धाकटी बहीण. बाबांना जाऊन जमाना झाला. धाकटी एकेचाळीस वर्षांपूर्वी घरातून गेली, ती पुन्हा दिसली नाही. मावशी तिची कड शोधत होती. ती सापडली असती तर धाकटीही सापडली असती, आणि मग तिला फक्त चार शब्द सांगायचे होते. ते चार शब्द एकेचाळीस वर्षं मावशीच्या घशाशी अडकून होते.

धाकटीला सगळे डावी म्हणत. काथ्या दोन्ही तळव्यांत धरून दोर वळताना तिचा डावा हात पुढे जायचा. बाकी सगळ्यांचा उजवा जातो. त्यामुळे तिच्या दोराचा पीळ उलटा पडायचा. बघायचीही गरज नसे, नुसता अंगठा फिरवला तरी कळायचं. बाबांनी तिचा डावा हात कमरेला बांधून पाहिला, दटावून पाहिलं, शेवटी हात टेकले. शिवाय तिचा दोर मोठीच्या, म्हणजे मावशीच्या, दोरापेक्षा सरस व्हायचा, हे त्यांना मनातून कबूल होतं. मग त्यांनी तिच्या दोरांसाठी भिंतीवर वेगळी खुंटी ठोकली आणि घरात एक नियम केला. डाव्याला उजवा गुंफायचा नाही.

त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. दोन दोरांची टोकं उलगडून एकमेकांत गुंफली की सांधा होतो. दोघांचा पीळ एका बाजूचा असला तर ते एकमेकांना धरून ठेवतात. एक डावा आणि एक उजवा असला, तर ताण आल्यावर दोघं मिळून एकमेकांचा पीळ सोडवतात. आज नाही, उद्या नाही, पण चौथ्या-पाचव्या दिवशी सांधा गळतोच. अगदी जोडायची वेळ आलीच तर दोन्ही टोकं दुमडून कड्या करायच्या आणि कडीत कडी अडकवायची. दिसायला ते बेंगरूळ दिसतं, पण ज्याचा पीळ त्याच्यापाशी राहतो.

हे सगळं मोठीला पाठ होतं. तरी तिने केलं. खाडीवर तराफा ओढायचा दोर व्हायचा होता, आणि ज्या दिवशी तो द्यायचा त्याच दिवशी दुपारी तिला बघायला पाहुणे येणार होते. दोर सहा वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून सहा मापं, कमी पडत होता. वीस वर्षांची पोर, केस विंचरायचे होते, हाताचा काथ्याचा वास घालवायचा होता. तिने धाकटीच्या खुंटीवरचा दोर काढला आणि सरळ गुंफून टाकला. कडीत कडी घातली असती तर गाठ बाबांच्या डोळ्यांत आली असती. सांधा तिने भिजवून, थापटून इतका बेमालूम केला की खुद्द बाबांच्या नजरेतून तो सुटला. पाहुण्यांनाही मुलगी पसंत पडली.

चौथ्या दिवशी भर खाडीत तो सांधा गळला. तराफा खडकावर आपटला. माणसं वाचली, पण तराफेवाल्याचा हात मनगटात मोडला आणि पुढे कधी सरळ झाला नाही. बाबांनी तुटकं टोक घरी आणून दोघींपुढे टाकलं. पीळ डावा.

"हे कोणी घातलं?"

मोठी मूग गिळून बसली. लग्न त्याच आठवड्यात ठरलं होतं. धाकटीने एकदा तिच्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, तीही बोलली नाही. बाबांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा तोच लावला. "आजपासून दोराला हात लावायचा नाहीस," ते धाकटीला म्हणाले आणि भिंतीतली खुंटी उपटून काढली. तिच्या दोराला त्या घरात मग जागाच उरली नाही. महिन्याभराने दूरच्या कुठल्या काथ्याच्या यार्डात कामाला निघालेल्या बायकांबरोबर ती निघून गेली. जाताना ताईला उठवलंही नाही.

तो सांधा मी घातला. एवढेच ते चार शब्द. मावशीचं लग्न झालं, संसार झाला, नवरा चांगला निघाला आणि लवकर गेलाही, पण हे शब्द तिने ना नवऱ्याला सांगितले ना बाबांना. बाबा गेले ते धाकटीलाच गुन्हेगार समजून गेले. त्याचा विचार आला की मावशी कुठलंतरी भांडं घासायला घ्यायची.

भांडी घासायला तिच्याकडे काथ्याच होता. नळाशी काथ्याची घासणी, मोरीत काथ्याचा ब्रश, खिडकीतल्या कुंडीत काथ्याचा भुसा, दाराच्या फटीत थंडीसाठी कोंबलेला काथ्या, आणि खाटेवर काथ्या भरलेली उशी. शेजारीण चेष्टेने म्हणायची, "मावशी, तुम्ही नारळाच्या आतच राहता की काय?" हा सगळा काथ्या गोदामातल्या कात्रीने दिलेला.

कात्री म्हणजे पन्नाशीचा एक गडी. कमरेला कायम कात्री, म्हणून हे नाव. लॉरीतून काथ्याचे गठ्ठे आले की त्यांचे दोर कचाकच कापायचे, हे त्याचं काम. मनाने सोनं. मावशीची बोटं आखडतात हे त्याने पाहिलं होतं. म्हणून कापलेले दोर तो फेकून द्यायचा नाही. दुपारी जेवण झालं की ते उलगडून, पिंजून, मऊ करून पिशवीत भरायचा आणि जाताना तिच्या हातात द्यायचा. "घ्या मावशी. घासणीला घ्या, उशीत भरा." वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

एका सकाळी कात्रीची दाढ सुजली. गाल भोपळ्याएवढा झाला आणि तो घरी राहिला. माग रिकामे बसलेले बघून मालकीणबाई काचेच्या खोलीतून बाहेर आल्या.

"मावशी, आजच्या दिवस तुम्ही गठ्ठे सोडता का? पाचच आहेत."

मावशी गोदामात गेली. तिच्याकडे कात्री नव्हती, आणि असती तरी तिने वापरली नसती. सुटणारी गाठ कापायची नाही हे तिला लहानपणी फटके खाऊन शिकवलेलं होतं. ती पहिल्या गठ्ठ्यापाशी बसली, गाठ चाचपली आणि सवयीने दोरावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला. तिने पुन्हा फिरवला. मग दोर उजेडाला धरला. पेड उलटे पडले होते.

एखादा डावखुरा माणूस कुठेही असतो, असं तिने स्वतःला सांगितलं. मग टोक बघितलं. तीन वेढे आणि आत खुपसलेलं. दुसरा गठ्ठा, तिसरा, पाचही गठ्ठे, सगळीकडे तेच. मावशी तिथेच काथ्यावर बसून राहिली. हॉलमधून मागवाला दोनदा ओरडला, "मावशी, माल द्या की!" तिने तो दिला, पण कसा दिला हे तिला नंतर आठवलं नाही. ते पाच दोर मात्र तिने कोणाला हात लावू दिले नाहीत. पिशवीत घालून घरी नेले आणि उशीशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी कात्री गालाला फडकं बांधून आला.

"हे असले दोर आधीही यायचे का रे?" मावशीने विचारलं.

त्याने सुजल्या तोंडाने दोर उलटासुलटा करून बघितला. "असलेच असतात. त्या यार्डाचे सगळे गठ्ठे ह्याच दोरांनी बांधलेले. दहा-अकरा वर्षं तरी झाली."

"मग ते गेले कुठे?"

"कुठे म्हणजे? तुम्हालाच देतो की. तुमच्या उशीत आहेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. शहरभरची पायपुसणी तिने उलटून बघितली, आणि जी हवी होती तिचे दोर रोज डोक्याखाली घेऊन झोपली. तिच्या दोरांनी कढया घासल्या. त्याच उशीत तोंड खुपसून कितीदा तिचीच आठवण काढली. कात्रीवर रागावणार तरी कशी? त्याने जे केलं ते मायेने केलं होतं. "तुझ्या दाढेला लवंग लाव," एवढंच ती म्हणाली.

आता लॉरीवाल्याची वाट बघणं आलं. तो तीन आठवड्यांतून एकदा यायचा आणि नुकताच येऊन गेला होता. मावशीला ते दिवस जाता जाईनात. कड लावताना तिचे हात थांबायचे. धाकटीचं बोलणं कसं होतं ते तिला आठवायचं, पण आवाज आठवायचा नाही, आणि आवाज आठवत नाही म्हणून ती रडकुंडीला यायची. एकसष्टाव्या वर्षी बहिणीचा आवाज हवा म्हणून रडावं, हे कोणाला सांगणार? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

लॉरी आली तशी ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

"तुझ्या यार्डात गठ्ठे कोण बांधतं?"

लॉरीवाला खाली उतरला आणि तिच्याकडे बघून हसला. "शेवटी विचारलंत. मला वाटलं, विचारताय की नाही."

मग त्याने सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी एक बाई एक जुनं पायपुसणं काखोटीला मारून यार्डात आली. कुठल्या दवाखान्याच्या दारातून उचलून आणलं होतं. तिने विचारलं, ही कड कुठे लागते? लॉरीवाला म्हणाला, आमचा माल जातो त्या कारखान्यात, एक मावशी लावतात. ती बाई दुसऱ्या दिवसापासून तिथेच गठ्ठे बांधायला लागली. यार्डवाल्याने बाजारचा दोर देऊ केला, तो तिने घेतला नाही. स्वतः वळायची.

"दर खेपेला विचारते, बरी आहे का ती. मी म्हणतो, बऱ्या आहेत. मग एकदा मीच म्हटलं, ओळखीच्या असतील तर निरोप सांगतो की. तर म्हणाली, निरोप बांधून दिलाय. मला काही कळलं नाही बुवा."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काय... हां, विचारते नेहमी, तिथे आमचे दोर सोडतात का? मी म्हटलं, कापतात. सगळीकडे कापतातच की, मावशी."

मावशीने फाटकाचा गज धरला. म्हणजे धाकटी अकरा वर्षं सांगत होती की मी इथे आहे, आणि अकरा वर्षं तिला उत्तर जात होतं की कापतात. ती स्वतः होऊन येणार नव्हती. चूक तिची नव्हती, मग तिने का यायचं? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, आणि ही तर बाबांची लेक. तरी तिने हाक मारणं थांबवलं नव्हतं.

ते चार शब्द लॉरीवाल्याच्या तोंडी देण्यासारखे नव्हते. "गाडी रिकामी होईपर्यंत थांब," मावशी म्हणाली. तिने घरून बरोबर आणलेला पाचांतला एक दोर पिशवीतून काढला, मूठभर काथ्या घेतला आणि वावभर दोर स्वतः वळला. उजव्या पिळाचा. मग दोन्ही टोकं दुमडून कड्या केल्या आणि कडीत कडी अडकवली. एकेचाळीस वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते आज केलं. बोटं आखडली होती, तरी गाठ चोख बसली.

"हे तिच्या हातात दे. तोंडी काही सांगू नको."

"उत्तर आणू?"

"दिलं तर आण."

पुन्हा तीन आठवडे. ह्या वेळी तिने कुठल्याही दारात पायपुसणं उलटून बघितलं नाही. दवाखान्यातला शिपाई म्हणालाही, "काय मावशी, आज तपासणी नाही?" ती नुसती हसली. आतून मात्र तिला भीती वाटत होती. धाकटीने तो दोर हातात घेतला आणि बाजूला टाकला तर?

लॉरी आली ती भलत्याच वेळी, सकाळी माग सुरू होतानाच. मावशी धावत गोदामात गेली. गठ्ठे खाली उतरत होते आणि एकालाही दोर नव्हता. सगळे निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले. कात्री खूश होता. "झकास कापतात बघा," तो म्हणाला. मावशी तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसली.

लॉरीवाला पाणी पिऊन तिच्यापाशी आला. "घाबरू नका. यार्डात पट्टीचं मशीन बसलं, एवढंच. बांधणाऱ्या बायकांना घरी बसवलं. ती मागच्याच चाळीत राहते, मी तिच्या खोलीवर जाऊन आलो."

"कशी आहे?"

"बरी आहे. नजर गेलीय पण. वर्ष होत आलं म्हणे. मी इतक्या खेपा केल्या, मला पत्ता नव्हता. दोर वळायला डोळे लागत नाहीत, म्हणाली."

लॉरीवाला उकिडवा बसला आणि हाताने करून दाखवत सांगू लागला.

"मी दोर हातात दिला. तिने असा अंगठा फिरवला. आधी तिच्या बाजूचा, मग ती कडी आली. तिथे थांबली. त्या कडीपाशी किती वेळ अंगठा होता तिचा, मला वाटलं झोपली की काय. मग तुमच्या बाजूचा दोर चाचपला, पुन्हा स्वतःच्या दोरावर आली आणि विचारलं, हा कापला की सोडला? मी म्हटलं, सोडला, मावशींनी स्वतः. म्हणाली, मग आधीचे का नाही सोडले? आता तुम्ही तोंडी काही सांगू नको म्हणाला होतात, पण मला राहवेना. कात्रीकडून कळलं होतं ते मी सांगून टाकलं. आधीचे मावशींनी बघितलेच नाहीत. तिथला गोदामवाला कापून, पिंजून त्यांना उशीत भरायला देतो."

"मग?"

"मग हसायला लागली. खूप हसली, आणि मग पदराने नाक पुसत बसली. म्हणाली, अकरा वर्षं डोक्याखाली घेऊन झोपली आणि कळलं नाही, मोठी शहाणी. ताई लहानपणापासून अशीच, अंथरुणाला पाठ लागली की दगड."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. इतक्या वर्षांनी तिला तो आवाज आठवला. मोठी शहाणी. तोंड लॉरीवाल्याचं होतं, पण ठसका धाकटीचाच.

"आणि सांगितलंय," लॉरीवाला म्हणाला, "कडी पोचली. बाकीचं तिच्या तोंडून ऐकायचंय. फार थांबायला लावू नको म्हणावं."

मावशी उठली ती थेट काचेच्या खोलीत गेली. चौदा वर्षांत तिने सुट्टी मागितली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हेच तिला माहीत नव्हतं. "मी जाते," एवढंच म्हणाली. मालकीणबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि किती दिवसांसाठी ते विचारलं नाही.

लॉरीवाला गाडी चालू करून फाटकाबाहेर थांबला होता. मावशी गल्लीतून आली. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या काखेत उशी. कात्रीने तिला हात धरून वर चढवलं.

"उशी कशाला मावशी?" लॉरीवाला म्हणाला. "तिकडे काय उशा मिळत नाहीत?"

"ही तिची आहे," मावशी म्हणाली.

दोन दिवसांचा रस्ता होता. लॉरी वळणावर आली तेव्हा उशी मावशीच्या मांडीवर होती आणि तिचे ओठ हलत होते. कधी ती 'मी' वर जोर द्यायची, कधी 'सांधा' वर, मग डोकं हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"काही म्हणालात?" लॉरीवाल्याने विचारलं.

"तुला नाही," मावशी म्हणाली.